पहिली बारी साहेबांची

आमच्या साहेबांची घोडी गळ्यात टोकन घालून कामावर यायची. आम्हा मजुरांच्या खिशात असायचं तसंच पितळेचं गोल टोकन, फक्त तिचं लाल लोकरीच्या दोरीत ओवलेलं. आधी फाटकावरचा शिपाई तिला अडवायचा. म्हणायचा, "साहब, जीप का पास होता है, साइकिल का होता है. घोड़ी का कहीं लिखा नहीं है." साहेबांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी घोडीच्या गळ्यात टोकन चमकलं. "अब ये भी मजदूर है," साहेब म्हणाले, "मजदूर को रोकोगे क्या?" शिपाई हसला आणि त्या दिवसापासून रोज सकाळी खाडकन सलाम ठोकायला लागला. तो साहेबांना ठोकायचा की घोडीला, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

घोडीचं नाव बदामी. रंगानंही बदामीच होती. जमीनदाऱ्या गेल्या तेव्हा एका हवेलीचा तबेला मोडला, त्यातून साहेबांनी ती आणली होती. बाकीचे साहेब लोक जीपमधून धूळ उडवत यायचे, आणि आमचे साहेब त्या धुळीत डोक्यावर सोला टोपी, पायाला पट्ट्या गुंडाळून, हळूहळू, गावच्या जत्रेला निघाल्यासारखे यायचे. कुणी हॉर्न वाजवला तर बदामीच्या कानात काहीतरी सांगायचे. काय सांगता म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिले म्हणतो, जाऊ दे त्याले. घाई त्याची हाय, रस्ता आपला."

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहून राहिला होता. इकडं खणलेलं, तिकडं रचलेलं, मध्ये लोखंडाचे सांगाडे आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं. मी पुलगावच्या पुढच्या एका खेड्यातला. सातवीत शाळा सुटली, ती सुटलीच. लग्न झालं, आणि गावात काम नाही म्हणून गाडीत बसून दुर्गला उतरलो. बायकोला माहेरी ठेवलं होतं. कायम झालो की क्वार्टर मिळेल, क्वार्टर मिळालं की तिला आणायचं, एवढंच डोक्यात. तोवर पावर हाउसच्या मागं टिनाच्या बराकीत आम्ही गावाकडचे काही जण राहायचो. टिन उन्हाळ्यात तव्यासारखं तापायचं आणि हिवाळ्यात त्यातून दव टपकायचं, पण मला त्याचं काही वाटत नसे. मला भीती एकच. उद्या कुणीतरी म्हणेल, "तू कावून आला इथं? जाय वापस." ही भीती मी रोज सकाळी डब्यात भाकरीबरोबर बांधूनच निघायचो.

साहेबांचं यार्ड म्हणजे नट, बोल्ट, पाइप, व्हॉल्व्ह. रशियन अक्षरं लिहिलेल्या लाकडी पेट्या यायच्या, त्या फोडायच्या, माल वेगळा करायचा, मागणी आली की द्यायचा. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा ते बशीतून चहा पीत होते. अर्धी बशी झाल्यावर त्यांनी ती बदामीपुढं धरली, तिनं उरलेला चहा चाटून घेतला, आणि मग माझ्याकडं बघून म्हणाले,

"काय पाव्हणे? किती दिवसाचे पाव्हणे?"

मला वाटलं, हे आजच काढून टाकणार. त्या रात्री मला झोप नाही. पुढं कळलं की ते सगळ्यांनाच पाव्हणे म्हणत. मुकादमाला, रशियन इंजिनियरला, डोक्यावर घमेलं घेतलेल्या छत्तीसगढी बायांनाही. रशियन इंजिनियरला तो शब्द इतका आवडला की तोही यार्डात शिरताना मोठ्यानं "पावणे!" म्हणायचा, आणि साहेब म्हणायचे, "या पाव्हणे, बसा, बोल्ट खा."

साहेबांनी लग्न केलेलं नव्हतं. कुणी विषय काढला तर म्हणत, "बदामीले विचारून सांगतो." रागवत क्वचित, आणि रागवले तरी माणसावर नाही. एकदा माझ्या हातून एक अख्खी पेटी उलटली. लहान-मोठे सगळे बोल्ट एकमेकांत मिसळले. मी घाबरून तिथंच उकिडवा बसलो. साहेब आले, त्यांनी ढिगाकडं पाहिलं आणि त्या पेटीवर रागावले. "मूर्ख पेटी! बूड काय कागदाचं हाय का तुह्यं?" आणि खाली बसून माझ्याबरोबर बोल्ट निवडायला लागले. कोट घातलेला माणूस मातीत मांडी घालून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दर हिवाळ्यात साहेबांची एक रजा ठरलेली. दुसरे साहेब बायकामुलांना घेऊन पुरीला जात, नाहीतर नागपूरला. आमचे साहेब बदामीवर बसून हवेल्या फिरायला जात. शिवनाथ नदीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला, जुन्या जमीनदारांच्या आणि लहानसहान राजांच्या हवेल्या होत्या. राज्य गेलेलं. कुठं छत गळतंय, कुठं झुंबरात कबुतरांनी घर केलंय. पण एक रीत त्यांनी सोडलेली नव्हती. घोड्यावरून दारात आलेल्या माणसाला जेवण होईपर्यंत नाव-गाव विचारायचं नाही. आधी पाणी, मग घोड्याला चारा, मग पाहुण्याला जेवण, आणि मग "कहाँ से आना हुआ?" साहेबांना ती रीत जगातल्या सगळ्या रितींपेक्षा प्यारी. म्हणायचे, "इथं भिलाईत पाणी मागितलं तर पयले टोकन पाह्यते!"

त्यांची रजा जवळ आली की ऑफिसातले बाबू एकमेकांना डोळा मारत. "राजेसाहेब निघाले मुलूख पाहायले!" साहेब ऐकत आणि टोपी उचलून त्यांना मुजरा करत.

त्या वर्षी कायम करण्यासाठी मुलाखती सुरू झाल्या. मीही गेलो. टेबलापलीकडं तीन साहेब, वर पंखा. मधल्यानं नाव विचारलं. मला माझं नाव आठवत होतं, पण ते घशातून वर येईना. त्यांनी पुन्हा विचारलं. मी हात जोडले. कडेचा साहेब म्हणाला, "बोलना तो पड़ेगा भाई." मी पुन्हा हात जोडले. मग त्यांनी पुढच्याला बोलावलं. बाहेर येऊन मी पाण्याच्या नळाजवळ उभा राहिलो, आणि तिथं माझं नाव मला खणखणीत म्हणता आलं.

ऑफिसच्या बाबूनं सांगितलं, संक्रांतीनंतर अजून एकदा बोलावतील. त्यात झालं तर झालं, नाहीतर यार्डाचं काम संपलं की हजेरीवरचे सगळे घरी. बायकोकडून सांगावा आला होता, "कधी नेता?"

साहेबांनी काही विचारलं नाही. रजेच्या आदल्या दिवशी बदामीला खरारा करता करता म्हणाले, "पाव्हणे, यंदा चाला माह्या संगं."

"मी? कुठं साहेब?"

"हवेल्या पाह्यले."

"साहेब, मले घोडं येत नाई. खाडे पडतील. मुकादम..."

"मुकादमाले मी सांगतो. घोडं बदामीले येते, तुले फक्त बसाचं हाय."

बराकीत हशा पिकला. माझा सोबती, गावचाच, चूल फुंकता फुंकता म्हणाला, "मोतद्दार पाह्यजे असन त्याले. घोडीची लीद काढाले नेऊन राहिला तुले, लेका!" मलाही तसंच वाटत होतं. तरी गेलो. नाही म्हणायची हिंमत लागते, तीही माझ्याकडं नव्हती.

साहेबांनी बाजारातल्या एका तेल्याकडून एक तट्टू मागून आणलं होतं. त्यावर वळकट्या, भांडी, चण्याची थैली. गावाबाहेर आल्यावर साहेब थांबले आणि नियम सांगितला. "ऐक. निम्मी वाट बदामीवर मी, तट्टूवर तू. निम्म्या वाटेवर बदलाचं. पयली बारी माही. आणि हवेलीच्या फाटकात जो बदामीवर असन तो पाव्हणा, तट्टूवरचा मोतद्दार. समजलं?"

मला समजलं नाही. मला वाटलं, गंमत करतायत.

धान कापून झालेलं होतं. शेतांच्या बांधावरून, तळ्यांच्या काठानं वाट जायची. गावोगाव खळ्यांवर बैल फिरत होते, आणि माणसं काम सोडून आमच्याकडं बघत. टोपीवाला साहेब घोडीवर आणि मागं वळकट्यांवर बसलेला मी, माझे पाय जवळजवळ जमिनीला लागलेले. एका गावात एक म्हातारी मोठ्यानं ओरडली, "अरे, तट्टू बर दया कर, बेटा! उतर जा!" साहेब इतके हसले की बदामी थांबून मागं बघायला लागली.

दुपारी झाडाखाली चणे-गूळ खाऊन साहेबांनी लगाम माझ्या हातात दिला. बदामीवर चढताना मी दोनदा घसरलो. वर बसल्यावर जमीन फार लांब दिसली. "साहेब, पडीन मी!" "पडला तर पड," ते तट्टूवर बसता बसता म्हणाले. "वर बसलेलाच पडते. खाली बसलेल्याले पडाची सोयच नसते." आणि सोला टोपी काढून वळकटीत खोचली, डोक्याला उपरणं गुंडाळलं. त्या तट्टूवर ते खरोखर मोतद्दार दिसायला लागले.

पहिल्या हवेलीचं फाटक दिसलं. दोन दगडी हत्ती, त्यांच्या सोंडा तुटलेल्या, पण हत्तीच ते. मी लगाम ओढला. "साहेब, पोट दुखून राहिलं माह्यं. तुमीच बसा." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. उतरून बदामीवर बसले आणि फाटकातून पाहुणे म्हणून आत गेले. मी तट्टू घेऊन मागच्या दारानं तबेल्यात. तिथल्या लोकांनी मला भात, भाजी, टमाटरची चटणी प्रेमानं वाढली, बसायला पुआल, म्हणजे भाताचा पेंढा, पसरून दिला. मी सुटलो म्हणून देवाचे आभार मानले, आणि आतून कुठंतरी वाईटही वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी वाटेत साहेबांनी आपणहून सांगितलं. त्यांचे वडील एका लहानशा संस्थानात घोड्यांचे कंपाउंडर होते. घोड्यांना औषध पाजायचं, जखमा बांधायच्या. "आमी तबेल्याच्या मागं राहो. राजवाड्यात कितीकदा गेलो मी! पण मागच्या दारानं. समोरचं फाटक कसं दिसते आतून, ते मोठं होईपर्यंत मले माहीत नव्हतं. मागचं दार वाईट नसते, पाव्हणे. तिथं जेवण गरम भेटते. पण माणसाले दोन्ही दारं माहीत पाह्यजे."

मग डोंगराकडं वळसा घालून आम्ही परतीला लागलो. शेवटचा मुक्काम भिलाईपासून फार लांब नव्हता. एका वयस्क राजाची हवेली, तळ्याच्या काठावर. दुपारनंतर बदामीवर मी होतो. फाटक दिसलं. मी तोंड उघडायच्या आत साहेब तट्टूवरून म्हणाले, "आज पोट दुखणार नाई."

"साहेब..."

"नियम म्हणजे नियम. मी मोतद्दार हाओ आता. मोतद्दाराशी वाटेत बोलत नसते."

आणि खरंच ते पुढं एक शब्द बोलले नाहीत. फाटकात एक माणूस तांब्या घेऊन आला, त्यानं माझ्या हातांवर पाणी घातलं. दुसऱ्यानं बदामीचा लगाम धरला. साहेब, आमचे कोटातले साहेब, उपरणं गुंडाळून, खांद्यावर माझी वळकटी घेऊन मला वाकून म्हणाले, "हुजूर, मैं घोड़ी को देखता हूँ," आणि मागच्या बाजूला निघून गेले. मी एकटा उरलो. तेवढा एकटा मी दुर्गला गाडीतून उतरलो तेव्हाही नव्हतो.

राजासाहेब पांढऱ्या धोतर-कुर्त्यात, नाकावर चष्मा, अगदी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांसारखे. त्यांच्याबरोबर जुने दिवाणजी, बारीक डोळ्यांचे. दोघांनी मला मोठ्या दालनात नेलं. भिंतीवर वाघाची कातडी, तिला झुरळांनी खाल्लेलं. खाली पाट, ताटं, तुपाचा वास. कुणी नाव विचारलं नाही, हेच माझं भाग्य.

मी पाटावर बसलो आणि बाहेर जोरात घंटा झाली. हवेलीत जेवणाची घंटा देत असत. पण मला काय माहीत? मी ताडकन उठून उभा राहिलो. कारखान्यात भोंगा झाला की हातातलं टाकून उठायचं, टोकनाच्या रांगेत उभं राहायचं, अंगाला ती सवय इतकी लागलेली की डोकं विचारायच्या आधी पाय उठत. उठलो आणि मग कळलं, पण आता बसावं कसं? हात शरीराला चिकटवून मी उभाच.

राजासाहेबांनी मान वर करून पाहिलं. पाहुणा उभा आहे, तर यजमान कसा बसेल? तेही उठले. राजा उठला म्हणून दिवाणजी गुडघ्यावर हात देऊन, कण्हत उठले. वाढणारा भाताचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबला. सगळे उभे. ताटातली डाळ निवत चालली.

बराच वेळ गेल्यावर राजासाहेब हळूच म्हणाले, "आपके यहाँ का रिवाज है?"

आता बोलणं भागच होतं. दुसरं कुणी नव्हतंच बोलायला. तेवढ्यात मागच्या अंगणातून बदामी फुरफुरली. कुणीतरी तिला चहा पाजत असणार.

"जी," मी म्हणालो. "भिलाई का रिवाज है. भोंगा बजता है तो सब खड़े होते हैं."

"सब? बड़े अफसर भी?" दिवाणजींनी खोचून विचारलं.

"नहीं जी. वो पहले से खड़े रहते हैं. हमको देखने के लिए."

राजासाहेब हसले. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. "बैठिए, बैठिए," म्हणाले, "दीवानजी के घुटने टूट जाएँगे." आम्ही बसलो. आणि मग त्यांनी रीत मोडली. जेवण व्हायच्या आधीच विचारलं, पण नाव नाही. म्हणाले, "मेरे गाँवों के बहुत लोग वहाँ चले गए. वो लोग वहाँ कैसे हैं?"

हा प्रश्न मला येत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला येणारा प्रश्न विचारला होता. मी सांगत सुटलो. बाया सिमेंटचं घमेलं डोक्यावर घेऊन ओळीनं कशा चढतात, एकीचं मूल दुसरी कसं बघते, दुपारच्या सुट्टीत एका बाजूनं ददरियाचं गाणं उठलं की पाइपांच्या ढिगामागून त्याला उत्तर कसं येतं. अंगाकर रोटी भाजायला ते लोक पेट्यांचं लाकूड मागायला येतात आणि साहेब त्यांना देतात. रशियन साहेबानं बासी, रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, खाऊन पाहिली आणि पुन्हा मागितली. हिंदी माझी मोडकीतोडकी, मध्येच मराठी घुसायची, तर राजासाहेब म्हणत, "समझ गए, समझ गए, आगे?" दिवाणजींनीही ताटातला हात थांबवला होता. त्यांचा पुतण्या तिकडंच कुठंतरी काँक्रीटवर होता.

हात धुतल्यावर राजासाहेब मला गच्चीवर घेऊन गेले. दिवस नुकताच मावळला होता. दक्षिणेकडं बोट करून म्हणाले, "वो देखिए. कुछ महीनों से दिखता है." क्षितिजाला एक तांबूस डाग होता. आधी काही नाही, मग हळूहळू तो वाढला, आकाश खालून लाल झालं आणि पुन्हा विझलं. भट्टीचा तापलेला गाळ ओतत असणार. मी तो जवळून कितीदा पाहिला होता, पण लांबून पहिल्यांदाच. इतक्या लांबून दिसणारं काहीतरी आहे, आणि त्यात मी वेगळे केलेले बोल्टही आहेत, हे तोवर मला सुचलंच नव्हतं.

"आपकी भट्टी है?" त्यांनी विचारलं.

"हो," मी मराठीतच म्हणालो. "आमची हाय."

मग त्यांनी नाव विचारलं, आणि मी सांगितलं.

सकाळी तबेल्यात गेलो तर साहेब पुआलावर पाय पसरून तिथल्या म्हाताऱ्या मोतद्दाराशी घोड्याच्या पोटदुखीवर बोलत होते. केसांत काड्या अडकलेल्या, चेहरा उजळलेला. मला बघून उठले, वाकले. "हुजूर, झोप लागली काय?" मला हसू आणि रडू एकदमच आलं.

संक्रांत झाली, मुलाखतीचं बोलावणं आलं. मी पहाटे धुतलेला सदरा घालून निघालो तर बराकीसमोर साहेब आणि बदामी. "निम्मी वाट मी, निम्मी तू," म्हणाले. मी हात जोडले. "साहेब, आज नको. सगळे पाह्यतील." "पाह्यतीलच. पाह्यले काय हरकत हाय?" निम्म्या रस्त्यापर्यंत ते बदामीवर, मी पायी. मग ते उतरले. अशा रीतीनं मी, हजेरीवरचा मजूर, मुलाखतीच्या इमारतीपाशी घोडीवर बसून पोचलो, आणि लगाम धरून आमचे साहेब. बाबू लोक खिडक्यांना लटकले होते.

टेबलापलीकडं तेच तिघे. मधल्यानं नाव विचारायच्या आधी खिडकीकडं पाहिलं. "वो घोड़ी किसकी है?"

"आधे रास्ते तक साहब की है, सर," मी म्हणालो. "आधे से आगे मेरी."

ते हसले. मग नाव विचारलं, ते आलं. बोल्ट-नटांचं विचारलं, ते आलं. एक-दोन गोष्टी आल्या नाहीत, तर म्हणालो, माहीत नाही सर, साहेबांना विचारीन. कडेचा साहेब म्हणाला, "ये वही है क्या जो पिछली बार बोलता नहीं था?"

बायकोला आणलं तेव्हा क्वार्टरच्या भिंती ओल्या होत्या, चुन्याचा वास जात नव्हता. पहिल्या रविवारी साहेब जेवायला आले. त्यांनी बदामीला बाहेर बांधलं आणि दारातच थांबले. मी बायकोला हवेल्यांची रीत सांगून ठेवली होती. तिनं आधी पाणी दिलं, मग बदामीला पेंढी, मग ताट वाढलं. जेवण झालं, सुपारी झाली, तरी तिनं नाव विचारलं नाही. साहेबच म्हणाले, "वहिनी, आता विचारा ना!" ती म्हणाली, "अजून भात हाय भांड्यात." पुढं ते दर रविवारी यायचे आणि दर रविवारी भांड्यात थोडा भात उरलेला असायचा. तिनं त्यांचं नाव कधीच विचारलं नाही. मीही इथं लिहीत नाही. पाहुणे अजून जेवतायत, असं समजा.

काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले. अमरावतीकडं बहिणीकडं जाणार होते. बदामीही म्हातारी झालेली, तळ्याकाठच्या त्या राजासाहेबांनी तिला आनंदानं मागून घेतली होती. तिला तिथं मी पोचवायचं ठरलं. पण साहेबांना दुर्ग स्टेशनपर्यंत जीपमधून जायचं नव्हतं. ट्रंक हातगाडीवर टाकली, हातगाडी मी ओढणार. साहेब सवयीनं बदामीच्या रिकिबीत पाय घालायला गेले. "चाल पाव्हणे. पयली बारी माही."

त्या क्षणी मला दिसलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. पहिली बारी नेहमी त्यांची. हवेलीच्या वाटेवर, मुलाखतीच्या वाटेवर, प्रत्येक वेळी. पहिली बारी त्यांची म्हणजे फाटकात पोचताना घोडीवर मी. पोटदुखी सांगून मीच उतरलो ते सोडलं, तर एकदाही चुकलेलं नव्हतं.

मी बदामीचा लगाम धरला. "साहेब, आज पयली बारी माही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. टोपी काढली, पुन्हा घातली. बदामीच्या कानाशी वाकून तिला काहीतरी सांगितलं. मग हातगाडीच्या दांड्याला हात घातला आणि म्हणाले, "शिकला तू."

निम्म्या वाटेपर्यंत मी बदामीवर बसलो. खाली बघवत नव्हतं. त्यांना ट्रंक ओढत चालताना पाहून लोक थांबत, मला काहीबाही बोलत. एका बाभळीजवळ आम्ही बदललो. स्टेशनच्या मोठ्या फाटकासमोर ते घोडीवर ताठ बसून पोचले. टांगेवाल्यांनी आपणहून वाट करून दिली, कुणीतरी सलाम केला.

"मोतद्दार!" साहेबांनी हाक मारली. "सामान?"

"जी हुजूर," मी म्हणालो, आणि ट्रंक डोक्यावर घेऊन मालाच्या बाजूच्या मागच्या दारानं आत गेलो.